मानाची टोपली

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा सेलूच्या बाजारात वांगी-मिरची विकायचे आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत भाजीबरोबर एक पत्रकही सरकवायचे. कधी कालव्याच्या पाण्याबद्दल, कधी भेसळीच्या बियाण्याबद्दल, कधी चोरून चालणाऱ्या दारूबद्दल. उरलेली पत्रकं घरी यायची आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायची. ‘सहन करू नका’ हे शब्द मला माझ्या नावाच्या आधी लिहिता येत होते.

आमच्या गावात हुतात्मा स्तंभ आहे. इंग्रजांच्या राज्यात गावातली माणसं ठाण्यावर चालून गेली होती, त्यातली काही परत आली नाहीत. दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीनं स्तंभाशेजारी फलक लावायचं ठरवलं. विषय : उठावाची कारणे. मी इकडंतिकडं लिहिते म्हणून मजकुराचं काम माझ्याकडं आलं. मी हरखले. बाबाही हरखले, पण त्यांचं कारण निराळं होतं. अनावरणाला मोठे साहेब येणार होते, आणि त्या वेळची मानाची टोपली आमच्या घरची होती.

ही टोपली म्हणजे गावाची जुनी रीत. कुणीही साहेब गावात आला की भाजीवाल्या घरांपैकी एकानं पहिल्या तोडीची टोपली भरायची, वर लाल फडकं झाकायचं, हळदकुंकू लावायचं आणि साहेबाच्या पायाशी ठेवायची. घरांची पाळी ठरलेली. पाळीवरून भांडणं होतात, सोयरिकी अडतात. आमची पाळी मी शाळेत असताना एकदा हुकली होती आणि ते बाबा अजून काढतात.

मजकुरासाठी मी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडं गेले. ठाण्यावर गेलेल्यांत त्यांचे वडील होते. आजोबा ओसरीवर मेथी निवडत बसले होते. मी वही उघडली आणि विचारलं, लोक काऊन उठले? मनात माझी उत्तरं तयार होती : सारा, लूट, स्वराज्याची हाक.

ते म्हणाले, “टोपलीपायी.”

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं.

“आयकू येते मले. टोपलीपायीच. साहेबाचा तंबू पडे तवा गावानं भाजी न्या, लाकडं न्या, दूध न्या. फुकट. वेठ होती ते. पाळी लावून देल्ली होती घराघराले. माह्या बापाची पाळी आली तवा वांगी बारीक निंगाली. शिपायानं टोपली लाथेनं उधळली अन् म्हणे, एक एक येच, तोंडानं. माह्या बापानं नाई येचली. तिथून सुरू झालं सारं. बाकीचं मंग भाषणं करणाऱ्यायनं सांगतलं, तेही खरंच हाये. पण पहिले टोपली.”

“मग आता ती मानाची कशी झाली?” मी विचारलं.

“मी बी तेच पाहून राह्यलो,” ते म्हणाले आणि मेथीची जुडी माझ्या हातात दिली. “रिकामी नको बसू, निवड.”

मेथी निवडून मी घरी निघाले. ज्या टोपलीला नकार देऊन माणसं मेली, तीच टोपली आम्ही त्यांच्या स्तंभासमोर साहेबाच्या पायाशी ठेवणार, तीही हळदकुंकू लावून. आता शिपायाची गरज नाही, पाळी आम्हीच सांभाळतो. मी बाबांना सगळं सांगितलं. ते वाफ्यात गुडघ्यावर बसून एकसारखी वांगी हुडकत होते. बोलणं ऐकून हात थांबले.

“माहीत नव्हतं मले,” ते म्हणाले. मग एक वांगं तोडून बाजूला ठेवत, “पण नाई देल्ली तर लोक म्हणतीन, पाळी झेपली नाई.”

“तुमच्या पत्रकात काय लिहिलेलं असतं, बाबा?”

“पत्रक बाजारात वाटतो मी, माय. राहतो गावात.”

मी मजकुरात टोपलीचं वाक्य लिहिलं, सगळ्यात वर. ग्रामपंचायतीच्या बैठकीत सरपंचांनी वाचलं आणि चष्मा काढला. “पोरी, फलकावर वांगी शोभत नाईत. आर्थिक कारण, राजकीय कारण, असं लिवजो. साहेब काय म्हणतीन?” सगळे हसले. शेजारी बसलेले एक सदस्य म्हणाले, वाक्य ठेवायचंच असेल तर मजकूर दुसऱ्याकडून घेऊ. खाली माझं नाव येणार होतं, रंगवणाऱ्याला ते दिलंही होतं. मी वाक्य खोडलं. माझ्याच पेनानं.

अनावरणाच्या दिवशी शाळेची मुलं दोन तास उन्हात उभी होती. साहेब आले, पडदा सरकला, टाळ्या झाल्या. फलकावर पाच कारणं होती आणि पाचही कुठल्याही गाइडात सापडली असती. मग माझे बाबा, धुतलेला सदरा घालून, टोपली घेऊन पुढं आले आणि वाकले. साहेबांनी फोनवरून नजर न काढता टोपलीला एक बोट लावलं. चालकानं ती उचलून गाडीच्या डिकीत टाकली. दोन वांगी रस्त्यावर घरंगळली. बाबांनी ती वाकून वेचली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. मला त्या क्षणी त्यांची किळस आली. हे लिहायला जड जातं, पण आली.

घरी आल्यावर मी बोलले. “वेचलीत ना?” मी म्हणाले. “त्या आजोबांच्या बापानं नव्हती वेचली.”

बाबांनी खिशातली वांगी काढून चुलीजवळ ठेवली. “तुनं वाक्य खोडलं, असं सरपंच सांगून राह्यले होते साऱ्यायले,” ते शांतपणे म्हणाले. “समजदार पोरगी हाये म्हणे तुमची.”

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. पुढची पाळी त्यांची. लाल फडकं मागायला आल्या होत्या, मापाला.

“फडकं गाडीत गेलं,” बाबा म्हणाले. थोडं थांबून पुढं म्हणाले, “वहिनी, तुमी टोपली देऊच नका. वेठ होय ते.”

काकू पदराआड हसल्या. “वा भाऊ. तुमचं झालं ना देऊन.”

त्या गेल्या. बाबा दारात उभे राहिले, मग आत येऊन त्यांनी पत्रकांच्या गठ्ठ्यातून एक पत्रक काढलं आणि कोरी बाजू वर करून माझ्यासमोर ठेवलं. “ते वाक्य लिव,” म्हणाले. “अन् खाली लिव, कोणं खोडलं अन् कोणं टोपली देल्ली. दोघायचे नावं टाकजो. नाई तर हे पत्रक वाटत नाई मी.”

मी वाक्य लिहिलं. नावांची जागा अजून कोरी आहे.