मोरपिशी साडीची साक्ष

त्या रविवारी मी चर्चमध्ये मंडळीसमोर उभा राहिलो आणि देवाने माझी नोकरी वाचवली अशी साक्ष दिली. ते खोटं होतं. नोकरी मीच वाचवली होती, एका भल्या माणसाची घालवून.

आमच्या मंडळीत उपदेशाआधी ज्याला वाटेल तो उठतो आणि आठवड्यात देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतो. मी सांगितलं तेव्हा टाळ्या वाजल्या. पाळकसाहेबांनी डोळे मिटून आभार मानले. शेजारी बसलेल्या बायकोने माझा हात दाबला.

सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये मी कलर मास्तर आहे. पार्टीने दिलेल्या सॅम्पलशी रंग जुळवायचा, कापड रंगवणाऱ्या जेट मशीनमधून निघालेला तुकडा खिडकीच्या उजेडात धरून बघायचा आणि ‘ओके’ म्हणायचं, हे माझं काम. मी ‘ओके’ म्हटलं की सबंध लॉट रंगतो. मूळचे आम्ही जालन्याकडचे, आजोबांपासून ख्रिस्ती. सुरतेत माझी ओळख मात्र एकच : मास्तरची नजर.

दोन वर्षांपूर्वी ती नजर मला फसवू लागली. निळा आणि हिरवा जवळजवळ ठेवले की दोन्ही एकच दिसायचे. साखर होती, पथ्य नव्हतं. मी कुणाला काही बोललो नाही. पण जेट चालवणारा ऑपरेटर, धुळ्याकडचा, त्याच्या लक्षात आलं. तो माझ्यामागे येऊन उभा राहायचा आणि हळूच म्हणायचा, “मास्तर, जरासा पिवळा कमी शे.” मी मोठ्याने म्हणायचो, “पिवळा वाढवा.” एकदा त्याने हसत म्हटलं, “मास्तर, डोया तपाडी ल्या. नहीतर मना पगारमा तुमना डोया बी धरना पडतीन.” मीही हसलो. डोळे दाखवायला गेलो नाही.

मग तो मोरपिशीचा लॉट आला. मॅनेजर शेजारीच उभा होता. मी तुकडा खिडकीत धरला. ऑपरेटर मागून पुटपुटला, “मास्तर, निया मारस.” निळ्याची झाक मारतेय हे मॅनेजरने ऐकलं असेल या भीतीने मी त्याच्यावर खेकसलो, “मास्तर कोण, तू का मी? चालव मशीन.”

सबंध लॉट निळा निघाला. मॅनेजरने कापडाचा ताका माझ्यासमोर उलगडला. “मास्तर, आ शुं छे?”

आणि मी म्हणालो, “मी सांगितलं तेवढा रंग याने घातलाच नाही.”

मॅनेजरने त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. ऑपरेटरने माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांची गोष्ट एका वाक्यात सांगून तो सुटू शकला असता. त्याने खांद्यावरचा रुमाल झटकला, डबा उचलला आणि गेटबाहेर गेला. त्याच आठवड्याच्या रविवारी मी ती साक्ष दिली.

महिन्याभरात उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगू लागले. डॉक्टर म्हणाले, साखर पडद्यापर्यंत गेली आहे, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील. “किती नजर राहील?” मी विचारलं. “सांगता येत नाही,” ते म्हणाले. त्या तीन शब्दांनी माझी झोप, भूक सगळं नेलं. लिंबायतच्या आमच्या खोलीत मी भर दुपारी डोळे मिटून चालायला शिकू लागलो. पलंगापासून मोरीपर्यंत सात पावलं, मोरीपासून दारापर्यंत चार. एकदा शेगडीवर आदळलो.

“अहो, हे काय चाललंय?” बायको धावत आली.

“बघतोय, जमतं का.”

तिने मला खाली बसवलं, माझ्या डोळ्यांवर तळहात ठेवला आणि प्रार्थना केली. लहानपणापासून ‘आमेन’ हा शब्द माझ्या तोंडी श्वासासारखा आहे. त्या दिवशी मी तो म्हटला नाही. मला वाटत होतं, देव माझे डोळे काढून घेतोय, आणि का ते फक्त त्याला आणि मला माहीत आहे.

पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा बायको चहा टाकत होती. तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी सगळं सांगितलं. आत भांड्यांचा आवाज थांबला.

“साहेब, ही शिक्षा आहे ना?”

“शिक्षा म्हणजे काय झालं माहीत आहे का? साखर झाली आणि तुम्ही जिलेबी सोडली नाही,” ते म्हणाले. “देव असा दबा धरून बसत नाही हो.”

“मग डोळे वाचतील?”

“मला माहीत नाही.” त्यांनी मान हलवली. “अंधारात गेलात तरी तो सोबत असेल, एवढं माहीत आहे. पण तुम्ही त्याच्यापासून तोंड लपवत फिरताय. सोबत असली तरी तुम्हाला कळणार कशी?”

त्यांनी बरं होण्याचं वचन दिलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. त्यांच्या त्या ‘माहीत नाही’वर मात्र मला टेकता आलं. भीती गेली नाही, आजही गेलेली नाही. पण त्या दिवशी मी प्रार्थनेत पहिल्यांदा डोळे मागितले नाहीत. उद्या मॅनेजरसमोर तोंड उघडेल एवढं बळ मागितलं, आणि ‘आमेन’ म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं. “शेठला विचारून सांगतो,” म्हणाला. काय सांगणार ते मला ठाऊक नव्हतं. तिथून तसाच रिक्षा बदलत ऑपरेटरच्या घरी, कोसाडला गेलो. घर शोधायला चार जणांना विचारलं, कारण पाट्यांवरची अक्षरं मला दिसत नव्हती.

ऑपरेटर दारातच बायकोसोबत बसला होता. एम्ब्रॉयडरीच्या साड्यांचे लोंबते धागे कात्रीने कापणं चाललं होतं. मला पाहून त्याची बायको उठून आत गेली. तो उठला नाही. मांडीवरची साडी त्याने माझ्यापुढे धरली.

“या मास्तर. सांगा बरं, हाई साडी कोन्ता रंगनी शे?”

मी साडी हातात घेतली. उजेडाकडे धरली. उगाच. मग त्याच्यासमोर जमिनीवर बसलो.

“मला दिसत नाही, भाऊ. तेव्हाही दिसत नव्हतं. तू बरोबर सांगत होतास आणि मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. आज मॅनेजरला खरं सांगून आलोय, रविवारी मंडळीतही सांगणार आहे. पण आधी तुला सांगायला हवं होतं. माझं चुकलं. मला माफ कर.”

“मोरपिशी शे, मास्तर,” तो म्हणाला आणि बसायला बाजूला सरकून त्याने मला जागा करून दिली.