आत्याच्या नावापुढची टिक

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही. एकदा ऑफिसातल्या एकापाशी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात चहा आला, विषय बदलला आणि मला बरंच वाटलं. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही आमच्या घरातले नाही. एवढंच कारण.

गोष्ट तशी किरकोळ वाटेल. ऐकाल आणि म्हणाल, अहो, मोबाईलमधली एक टिक — त्यात कबूल करण्यासारखं काय आहे? मीही तीन वर्षं स्वतःला हेच सांगत आलो.

आधी मी कोण ते सांगतो. कळंबोलीत एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. प्रिंटर अडकला, नेट गेलं, गेटवरचा कॅमेरा बंद पडला — बोलवा संतोषला. घरीही तेच. आम्ही कामोठ्याला राहतो. टीव्हीचा रिमोट चालेना तर आप्पा, म्हणजे माझे वडील, सेल बदलून बघायच्या आधी मला फोन लावतात. आप्पांनी जन्मभर लोखंड बाजारात माथाडीचं काम केलं, गुडघे तिथेच घालवले. फोनमधल्या गोष्टींबद्दल मी जे बोलेन ते त्यांना डॉक्टरच्या बोलण्यासारखं. माझं खोटं पचलं ते यामुळेच, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

वर्षाचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न ठरलं तेव्हा आमंत्रणांची यादी मी फोनमधल्या नोट्सच्या ॲपवर केली. आप्पा, आई, वर्षा, मी — चौघांच्या फोनवर एकच यादी. ज्याच्या घरी पत्रिका देऊन झाली त्याच्या नावापुढच्या चौकोनात टिक करायची. आमच्या साताऱ्याकडच्या लोकांत जवळच्या माणसाला पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवली तर तो लग्नाला येत नाही. उलट वर्षभर भावकीत सांगत फिरतो. घरी जायचं, पत्रिकेला हळदकुंकू लावायचं, हातात अक्षता द्यायच्या, बसून चहा घ्यायचा. तारीख त्याला आधीपासून पाठ असली तरी हे व्हायलाच हवं. मग ते बोलावणं.

आता त्या ॲपचं सांगतो. ते सरळ कधीच चालायचं नाही. आईचा फोन जुना — माझाच, मी नवा घेतला तेव्हा तिला दिलेला. आतल्या खोलीत नेट येत नाही. ती तिथे बसून दुपारी टिक करायची, ती आमच्याकडे उमटायची संध्याकाळी, ती हॉलमध्ये आली की. कधी केलेली टिक आपोआप निघून जायची. कधी एका यादीच्या दोन याद्या व्हायच्या — एकीत मामा दोनदा, दुसरीत मावशी गायब. मी दर दोन दिवसांनी बसून त्या जुळवायचो. आप्पा वैतागायचे, "अरे, वही काय वाईट होती?" पण आईला यादी भारी आवडली होती. सातवी शिकलेली बाई. चष्मा नाकाच्या टोकावर, एक बोट काचेवर. टिक लागली की मोठ्यांदा सांगायची, "लागलं बघा!" शेजारच्या काकूंना बोलावून दाखवायची. रोज संध्याकाळी यादी उघडायची आणि ज्याचं काम राहिलंय त्याला फोन करून मागे लागायची.

यादीत पहिलं नाव आत्याचं. आप्पांची थोरली बहीण, खांदेश्वरला राहते. आमच्यापासून रिक्षाने पंधरा मिनिटं. आमच्याकडे नवरीला पहिली हळद आत्या लावते, तोवर बाकीच्या बायका वाटीला बोटसुद्धा लावत नाहीत. तिचं बोलावणं आप्पांनीच करायचं, पण त्यांच्या गुडघ्याचं नुकतं ऑपरेशन झालं होतं. ते मला म्हणाले, "आक्काकडं माझ्या जागी तू जा. थोरला गेला म्हणजे मीच गेलो." आई त्याच आठवड्यात खांदेश्वरला तिच्या बहिणीकडे पत्रिका द्यायला जाऊन आली, पण आत्याकडे मुद्दाम गेली नाही. तो मान माझा होता ना.

मी का गेलो नाही? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारलाय — काहीतरी दडलेलं सापडेल म्हणून. जुना राग, एखादा लागलेला शब्द. काही नाही हो. कंटाळा. आत्याकडे गेलं की दोन तास मोडतात, तिच्या फोनमधले फोटो उडवून द्यावे लागतात, वर पोहे खावे लागतात. पहिल्या रविवारी म्हटलं, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी म्हटलं, अजून वेळ आहे. तिसऱ्या रविवारी खारघरला मित्राकडे बिर्याणी होती. तिथे त्याच्या गॅलरीत उभा असताना लक्षात आलं की संध्याकाळी आई यादी उघडणार, आत्याचा चौकोन रिकामा बघणार आणि फोन करणार. म्हटलं, कटकट नको. मंगळवारी ऑफिस सुटलं की जाऊन येऊ. यादी उघडली आणि टिक केली.

मंगळवारी ऑफिसात सर्व्हर बसला. बुधवारी — बुधवारी मला आठवलंच नाही. खरंच नाही आठवलं. यादी उघडायचो तर आत्यापुढे टिक, आणि मी खालच्या रिकाम्या नावांकडे बघायचो. आईनेही काही विचारलं नाही. टिक म्हणजे झालं, परत विचारायचं नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. मध्ये एकदा आप्पा आत्याशी फोनवर बोलले. "येणार ना गं?" तर ती म्हणाली, "बोलावलं की येणार की." आप्पा हसले. त्यांना वाटलं, थोरली बहीण नेहमीसारखी टोमणा मारतेय.

हळद सोसायटीच्या हॉलमध्ये होती. दहाची वेळ. साडेदहा झाले, आत्या नाही. वर्षा पाटावर बसलेली, वाट्या भरलेल्या, बायका ताटकळलेल्या. आप्पांनी फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू असतो, त्यामुळे सगळ्या हॉलने ऐकलं — "दाराला कुणी आलं न्हाई, पत्रिका न्हाई, अक्षता न्हाई. भाऊ, मी कुठल्या तोंडानं येऊ?"

आप्पांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "यादीत टिक आहे की. मला वाटलं संतोष जाऊन आला."

मग सगळे माझ्याकडे वळले. मला सांगा — किती वेळ लागतो हो खरं बोलायला? 'विसरलो' हा एक शब्द. आप्पांनी चारचौघांत दोन शिव्या घातल्या असत्या, मी गाडी काढली असती, पंधरा मिनिटांत आत्याच्या पायावर डोकं ठेवलं असतं. ती दोन शब्द बोलली असती आणि आली असती. पण मी म्हणालो, "मी कुठे गेलो? टिक दिसली, मला वाटलं आई मावशीकडे गेली तेव्हाच उरकून आली." आणि मग, कुणी न विचारता, पुढचं बोललो, "आईच्या फोनला सिंकचा प्रॉब्लेम आहे ना. मावशीच्या नावापुढची टिक आत्याच्या नावापुढे लागली असणार."

असं होत नाही. दोन याद्या होतात, टिक निघून जाते, उशिरा येते — पण एका नावाची टिक उडी मारून दुसऱ्या नावावर बसत नाही. हे त्या हॉलमध्ये एकट्या मला माहीत होतं.

आई फोनकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "झालं असंल माझ्या हातून. त्या दिवशी टिक सारखी जात होती." म्हणजे माझ्या खोट्याला पुरावाही तिनेच दिला. आई आणि आत्या यांची नणंद-भावजयीची जुनी कुरबुर सगळ्या नातेवाइकांना पाठ होती. बहिणीच्या घरी पत्रिका घेऊन गेली, त्याच खांदेश्वरात नणंदेच्या दारात गेली नाही — बायकांनी एकमेकींकडे बघितलं, झालं. आप्पा सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "तुला ती नकोच होती."

ते वॉकर घेऊन, ताज्या ऑपरेशनच्या पायाने, रिक्षातून खांदेश्वरला गेले. मी गाडी काढतो म्हटलं तर नको म्हणाले. एकटेच परत आले. हळद मग मावशीने सुरू केली. वर्षा रडत होती. आई हॉलच्या मागे नारळ मोजत बसली, ते आधीच मोजून झालेले होते.

तेवढ्यात आप्पांनी मला बाजूला घेतलं. "संतोष, ती टिक कुणी केली ते कळतं का रे त्यात?"

कळतं. त्या ॲपमध्ये प्रत्येक बदलाचा इतिहास असतो — कुणी, कुठल्या फोनवरून, किती वाजता. मी जिन्यात जाऊन आधीच बघून आलो होतो. माझं नाव. माझा फोन. रविवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. मी म्हणालो, "नाही कळत, आप्पा." ते बरं म्हणाले. मी सांगितलं म्हणजे संपलं.

मग मी आणखी एक केलं. पहिलं खोटं घाबरून बोललो असं कुणी म्हणेल, पण हे मी शांतपणे केलं. यादीची नवी कॉपी केली आणि जुनी उडवली. कॉपीला मागचा इतिहास नसतो. घरात सांगितलं, जुनी खराब झाली होती. सगळे म्हणाले, बरं झालं.

आप्पा आईशी तीन-चार महिने नीट बोलले नाहीत. जेवायला वाढलं की जेवायचे, औषध दिलं की घ्यायचे. आईने एक दिवस फोन माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "काढून टाक ते यादीचं." मी काढलं. आता ती फक्त आलेला फोन उचलते. किराण्याचं कागदावर लिहिते. कुणी फोनमध्ये काही दाखवायला गेलं की दोन्ही हात मागे घेते — "नको बाई, माझ्या हाताला गुण नाही."

त्या वर्षी दिवाळीनंतर ती म्हणाली, मला वन्संकडे घेऊन चल. मी घेऊन गेलो. मीच गाडी चालवली. तिने आत्याला साडी दिली, वाकून पाय धरले आणि म्हणाली, "वन्सं, मुद्दाम नाही हो केलं. माझ्याच हातून चूक झाली." मी दाराशी उभा होतो, गाडीची किल्ली हातात. आत्याने साडी घेतली. "ऊठ," एवढंच म्हणाली. पाणी दिलं, चहा टाकला नाही. येताना आई गाडीत म्हणाली, "बोलून टाकलं, बरं वाटलं." मला तिथल्या तिथे गाडी थांबवून सांगता आलं असतं. मी गिअर बदलला.

लाज वाटते का? वाटते. पण खरं सांगू का, रोज नाही वाटत. जेवण गोड लागतं, झोप लागते. आई समोर बसून भाजी निवडत असते, मी पेपर वाचत असतो. महिने जातात. मग एखाद्या लग्नात कुणीतरी तिला हसत म्हणतं, "काय वहिनी, या वेळी टिक नीट केली ना?" ती हसते, आणि मी पंगतीत पाणी वाढायला उठतो.

गेल्या महिन्यात वर्षाच्या मुलीचं बारसं आमच्याकडे ठरलं. या वेळी ॲप नाही. बोलावण्यांची यादी वर्षाने कागदावर केली. आई म्हणाली, "वन्संकडं तूच जा, संतोष. माझ्या तोंडानं बोलावलं तर येतील न येतील." मी त्याच संध्याकाळी गेलो. हळदकुंकू लावलं, अक्षता दिल्या. आत्या खूश झाली. पोहे केले. समोर बसून म्हणाली, "तवा तुज्या हातात असतं ना, तर असं झालं नसतं बघ. तू गुणाचा हायेस. तुज्या आईनं मातर लई दुखावलं मला."

मी पोहे खाल्ले. चहा घेतला. पाया पडलो आणि निघालो.

घरी आलो तर आई दारातच उभी होती, बाळाचं दुपटं खांद्यावर.

"येते म्हणाल्या का?"

"येतील."

"माझं काही काढलं का रे?"

"नाही."

"मग सोडला असंल ना राग? केलं असंल ना मला माफ?"

"केलं असेल," मी म्हणालो.

तिने तिथेच उभ्या उभ्या देवाला हात जोडले. म्हणाली, "मोठ्या मनाच्या आहेत वन्सं."

मी हो म्हणालो.