बाबांना विचारून सांगतो

निवृत्त माणसाला किस्से सांगा म्हणावं लागत नाही, थांबा म्हणावं लागतं. खोपोलीला पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात मी टाइमकीपर होतो. तिथे दोन गोष्टी रोज साचत: पुठ्ठ्याच्या कापलेल्या कडा आणि किस्से. कडा भंगारवाला नेई. किस्से माझ्याकडेच राहिले.

त्यातले निम्मे सखारामचे. हा कडावच्या शेतकरी घरातला तिशीतला माणूस. कानात आवाज येतात म्हणून मनोरुग्णालयात राहून आलेला. गोळ्यांनी बराच सावरला होता, पण गावात कामाला कोणी बोलवेना. रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी आमच्या शेटना गळ घातली, "सहा महिने घेऊन बघा, मी येऊन लक्ष ठेवीन."

शेट म्हणाले, "बाबांना विचारून सांगतो."

बाबा म्हणजे शेटचे वडील. ते वारून बरीच वर्षं झाली होती. केबिनमध्ये त्यांचा हार घातलेला फोटो होता. शेट फोटोसमोर डोळे मिटून उभे राहत आणि मग बाबांचा निर्णय आम्हाला कळवत. नवं मशीन, बोनस, कॅन्टीनचा कंत्राटदार, सगळं बाबांच्या सल्ल्याने. यात आम्हाला काही वावगं वाटत नसे. उलट बाबा शेटपेक्षा दिलदार आहेत असं युनियनचं मत होतं.

तर बाबांनी सखारामला सहा महिन्यांसाठी ठेवून घेतलं.

*

डॉक्टरबाईंनी फोरमन दळवींना बजावलं, "त्याच्यावर ओरडायचं नाही. एकेक गोष्ट शांतपणे सांगायची."

दळवींनी हाक मारली की बोरघाटातला ड्रायव्हर ब्रेक लावेल, असा त्यांचा आवाज. पण बाईंचा शब्द त्यांनी पाळला. सखारामच्या कानाशी वाकून ते म्हणायचे, "सखाराम, सुतळी जरा घट्ट बांध, बरं का."

चार दिवस हे बघून युनियनवाले माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"त्याला 'बरं का' आन् आमाला शिव्या? ह्ये चालायचं नाय. समद्यांना एकच वागणूक पायजे."

मागणी मान्य झाली. खात्यात एवढी शांतता पसरली की घरीसुद्धा दळवी हळू बोलू लागले, आणि त्यांची नोकरी गेली असं समजून बायकोने उपास धरले.

*

अमावास्येला डोकं जास्त फिरतं, ही आमच्याकडची पक्की समजूत. हेडक्लार्कने आपल्या अधिकारात सखारामला अमावास्येची भरपगारी सुट्टी दिली. पुढच्या अमावास्येला कटिंगवाल्यांचा घोळका सुट्टी मागायला हजर.

"आमचंबी थोडं फिरतं, सायेब. पायजे तर घरी इचारा."

सगळ्यांची सुट्टी रद्द झाली. खूश झाला तो एकटा सखाराम.

"लई बरं झालं," तो मला म्हणाला. "घरी बसलो का भाऊ दिवसभर माज्या तोंडाकडं बगत ऱ्हातो. आता ह्यो काय करतो, आता काय करतो. हितं बगायला कुनाला टाइम हाय?"

आम्ही हसलो, पण ते वाक्य मला फार लागलं. सहा महिन्यांनी याला परत त्या नजरेपुढे बसवायचं नाही, असं मी आणि दळवींनी त्याच दिवशी ठरवलं. ठरवून उपयोग नव्हता. ठरवणार बाबा.

*

डॉक्टरबाई आल्या की त्यांचा सखारामला पहिला प्रश्न ठरलेला: "आवाज रोज येतो का?" एकदा त्यांना जमलं नाही म्हणून त्यांनी एक शिकाऊ डॉक्टर पाठवला. सखाराम टेंपोत माल भरत होता. स्टोअरमध्ये आमचे पाटणकर स्टोअरकीपर एकटेच विडी ओढत बसलेले. डॉक्टर त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसला.

"आवाज येतो?"

"येतो की. आईचा."

"रोज?"

"रोज. पहाटेपासून."

"काय म्हणतो?"

"रॉकेलच्या रांगेत उभा राहा म्हणतो."

"आणि तुम्ही ऐकता?"

"न ऐकून सांगू कोणाला?"

जाताना डॉक्टरने नाव विचारून लिहून घेतलं, आणि पुढच्या खेपेला पाटणकरांच्या नावाने गोळ्या आल्या. त्यांनी त्या परत केल्या, पण त्या डॉक्टरला पुन्हा पाठवा म्हणाले. त्यांचं इतकं कोणी ऐकलं नव्हतं.

*

सहा महिने भरत आले. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ठरवण्याआधी शेट त्याला बोलावून विचारणार होते. दळवींनी जेवणाच्या सुट्टीत सखारामची उजळणी घेतली.

"शेट विचारतील, आवाज येतात का. तू म्हणायचं, नाही."

"पन येतात ना कधीमदी."

"ते डॉक्टरबाईंना सांग. शेटना नाही, बरं का."

"शेटला खोटं कशापायी सांगू? ते काय माज्या वाइटावर हायत?"

आम्ही दोघं त्याला घेऊन केबिनमध्ये गेलो. शेटनी विचारलंच, "काय रे, अजून आवाज येतात?"

दळवी खोकले. सखारामने त्यांच्याकडे बघितलं, मग शेटकडे.

"येतात, सायेब. कधीमदी. मी त्यांचं आयकत नाय, काम करत ऱ्हातो."

संपलं, असं मला वाटलं. कडावचं ते घर आणि तो भाऊ डोळ्यांपुढे आला.

शेट उठले, फोटोकडे तोंड करून उभे राहिले, डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग त्यांनी डोळे उघडले.

"बाबा म्हणाले, कायम करून टाक."

त्यांनी सही केली आणि कागद सखारामच्या हातात दिला. दळवींनी माझा दंड एवढा दाबला की दोन दिवस दुखत होता. आम्ही दारापाशी पोचलो. सखाराम मात्र टेबलाशीच उभा होता. कागदाची घडी त्याने नीट खिशात ठेवली, शेटच्या कानाशी वाकला आणि अगदी हळू, दळवी त्याच्याशी बोलायचे तसं विचारलं,

"सायेब, तुमाला रोज येतो का?"