आईच्या बाजूचं ऑफिस

बाबा धनजच्या शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झाले आणि लगेच कारंज्यात वेगळी खोली घेऊन त्यांनी आईवर घटस्फोटाचा दावा लावला. कारण काय, तर "आता मले शांतीनं राहाचं हाय." जसं काही आई आयुष्यभर त्यांच्या कानाशी ढोल बडवत होती! माझं डोकं असं सणकलं की मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. आई मात्र गावाबाहेरच्या वांग्यांच्या वाफ्यात निंदत राहिली. जमीन दुसऱ्याची, अर्ध्या पिकाच्या बटईनं केलेली. हातपाय थकल्यावर खायचं काय, हा एकच घोर तिला होता.

आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "बाबांच्या पेन्शनमधून आईंचा वाटा थेट कापून यायला हवा. म्हणून पेन्शनच्या ऑफिसलाही दाव्यात पक्षकार करू. मग कोर्टाचा हुकूम त्यांनाही पाळावा लागेल."

आईला हे भारी आवडलं. "लग्नात मामा पाठीशी उभा राह्यते, तसं म्हना ना," ती म्हणाली. "सोडचिठ्ठीले हापिस."

तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात ऑफिसचा बाबू दिसला, तशी तिनं हातातली पिशवी पुढं केली. "घ्या भाऊ, घरचे वांगे हायेत. आपल्या बाजूनं आले तुमी, एवढ्या दुरून." तो बिचारा मागंच सरकला. "अवो बाई, मी कोनाच्याच बाजूचा नाही! मले फक्त नियम सांगाले पाठवलं." माय वं, मला हसूही येत होतं आणि रडूही.

नियम त्यानं सांगितला. आई बायको राहिली तर बाबांच्या माघारी तिला फॅमिली पेन्शन, तिच्या शेवटापर्यंत. घटस्फोट झाला की तिथलं तिचं नाव कटलं. मग कोर्ट देईल तेवढा वाटा, तोही बाबा आहेत तोवरच.

वकीलबाईंनी आईला बाजूला घेतलं. "घटस्फोटाला नाही म्हणा, मी लढते." मीही तेच धरून बसले. नातं कागदावर राहू दे की, तुझं काय जातं?

आईनं पिशवीचा बंद पिळला. मग म्हणाली, "मंग मी रोज कायची वाट पाहू? तो मराची? नाही वं बाई. असं जगनं मले जमत नाही."

पेन्शनचा वाटा कबूल करून तिनं घटस्फोटाच्या कागदावर सही केली. मी एसटीत तिला घरापर्यंत बोलत गेले, येडी आहेस म्हणाले.

आता तिचा वाटा ऑफिसकडून येतो. यंदा वटपौर्णिमेला गल्लीतल्या बायका वडाकडे निघाल्या, आई वाफ्यात. संसारात असताना ती दर वर्षी जायची आणि फेऱ्या मारताना तोंडातल्या तोंडात बाबांना शिव्या घालायची. मी मागं असायची, मला सगळं ऐकू यायचं. त्या दिवशी मी कामानं कारंज्याला निघाले, तर तिनं पिशवीत गवार भरून दिली.

"तुह्या बापाले दे."

"कायले?" मी तडकले.

"बीपीची गोळी टायमावर घेते का, इचारजो. ध्यानात राहत नाही त्याच्या." मग पाटाचं पाणी वळवता वळवता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "तो जगला पाह्यजे वं. लय जगला पाह्यजे."

माझा बाबांवरचा राग गेलेला नाही. पण त्या दिवशी मी त्यांचं दार वाजवलं, आणि गोळी घेतली का म्हणून विचारलं.