दादाच्या गाडीला जागा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्या दादाला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्या बिल्डिंगमध्ये राहत नाही — बघा, आतासुद्धा मी आधी तेवढं पाहून घेतलं.

हैदराबादेत, विद्यानगरला आमची तीन मजली जुनी बिल्डिंग. लिफ्ट नाही. वरच्या मजल्यावर मी, हे गेल्यापासून एकटीच. शाळेत गणित शिकवत होते, म्हणून सगळे मला टीचरम्मा म्हणतात. माझी पुरणपोळी चार घरी जाते, त्यांचा पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, माझ्याकडे येतो. आजारी पडले तर समोरच्या लक्ष्मीगारू — इथे आदरानं नावापुढे गारू लावतात — न बोलावता उशाशी येऊन बसतात. हे सगळं मला फार प्रिय आहे — खोटं कशाला बोलू?

खोटं. ते मात्र तिथूनच सुरू झालं. राहायला आले त्याच वर्षी, चतुर्थीला, लक्ष्मीगारूंनी सहज विचारलं, तुम्ही गणपती नाही बसवत? आम्ही बौद्ध. एवढंच म्हणायचं होतं — दोन शब्द. मी म्हणाले, आमचा गणपती नांदेडला थोरल्या भावाकडे असतो, आमच्यात एकाच घरी बसवतात. का म्हणाले? आधी एका घरमालकानं आडनाव ऐकून घर दिलं नव्हतं, ते मनात होतं, हे खरं. पण लक्ष्मीगारू म्हणजे काही तो मालक नव्हे. मग दर वर्षी दादाच्या गणपतीची चौकशी व्हायला लागली. किती दिवसांचा, नैवेद्याला काय — मी हातचं काही राखून न ठेवता सांगत गेले. बुद्धाची तसबीर आतल्या खोलीत, कपाटाच्या दाराआड.

आणि ज्याच्या घरी मी हा गणपती बसवला, तो माझा दादा — एसटीच्या वर्कशॉपमध्ये पेंटर होता. अक्षर असं, की जाणारा माणूस थांबून बघेल. वहिनीचं एक अंग लुळं पडलं आणि तिचं घराबाहेर जाणंच थांबलं. तेव्हा दादानं जुना टेम्पो घेतला, आत पलंग बसवला, छोटी शेगडी, पडद्यामागे कमोड. लॉजचे जिने तिला चढवत नाहीत, मग घरच चाकांवर घेऊन निघायचं. वहिनीला हैदराबाद बघायचं होतं. अडचण एकच — रात्री गाडी लावायची कुठे? अशा गाडीत बाईमाणसानं झोपायचं, तर एक फाटक हवं, दिवा हवा, पाण्याचा नळ हवा.

त्यानं फोनवर विचारलं, “सरू, तुझ्या बिल्डिंगीत एक रात गाडी लागंल का?” मी आमच्या सेक्रेटरींना, सुधाकरगारूंना विचारलं. ते आनंदानं हो म्हणाले. बोअरच्या मोटरीजवळचा कोपरा, शेजारीच नळ. मी दादाला कळवलं. किती खूश झाला तो! दुसऱ्या दिवशी त्यानं गाडीचे फोटो पाठवले.

गाडीच्या मागच्या बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, निळ्या रंगात — नमो बुद्धाय. खाली कमळ. इतकं देखणं अक्षर त्यानं आयुष्यात काढलं नसेल. तीन दिवस बसून काढलंय, असं फोटोखाली लिहिलं होतं.

मोटरीजवळचा कोपरा अगदी जिन्यासमोर येतो. चढता-उतरता प्रत्येकजण वाचणार. मी त्या संध्याकाळी दादाला फोन केला — असोसिएशन नाही म्हणते रे, बाहेरच्या गाडीला रात्री परवानगी नाही. तो म्हणाला, “असू दे, सरू. एवढं मोठं शहर हाय, मिळंल कुठं तरी.”

नाही मिळाली. पेट्रोल पंपावरून उठवलं, पुलाखालून पोलिसांनी हुसकलं. शेवटी नामपल्ली स्टेशनबाहेर, रिक्षांच्या रांगेत उभे राहिले. लोक डोकावतात म्हणून खिडक्या बंद. कमोडला बसायचा संकोच, म्हणून वहिनीनं संध्याकाळपासून पाणीच घेतलं नव्हतं. हे तिनं मला सकाळी सांगितलं — हसत हसत. आणि मी? मी माझ्या पलंगावर होते. झोपही लागली होती.

सकाळी ते मला भेटायला आले. गाडी फाटकाबाहेर, तोंड फाटकाकडे करून उभी. वहिनीला उतरता येईना, म्हणून मीच इडल्यांचा डबा आणि तिच्यासाठी घेतलेली नवी सोलापुरी चादर घेऊन खाली गेले. चादर तिच्या पायांवर घातली. तेवढ्यात सुधाकरगारू बाहेर आले.

“टीचरम्मा के भैया? अरे, कल शाम से जगा खाली रखा मैं. आए नै आप?”

दादानं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग त्यांना म्हणाला, “रस्ते में देर हो गई, साब.”

“आपके घर के गणपति का बहुत सुने हम.”

मला वाटलं, आता — आता संपलं. दादा सावकाश म्हणाला, “हाँ. आओ ना कभी.”

चहाचा थर्मास आणते म्हणून मी वर पळाले. रडत होते का? नाही हो. सुधाकरगारू गाडीच्या मागे तर गेले नसतील ना, एवढाच विचार डोक्यात होता. तीन मजले तोच.

खाली आले तर सुधाकरगारू निघून गेले होते. दादा गाडीमागे वाकून सुतळी बांधत होता. मी वहिनीला दिलेली सोलापुरी चादर त्यानं मागच्या बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ताणून बांधली होती. एकही अक्षर दिसत नव्हतं. कमळसुद्धा नाही. त्याचं प्रत्येक काम नीट असतं, तसंच हेही.

“धूळ लई बसती मागं,” तो म्हणाला. आत वहिनी उघड्या पायांनी बसली होती.

मी काय करायला हवं होतं, ते तुम्हालाही ठाऊक आहे. सुतळीची गाठ माझ्या हाताला येत होती. मी थर्मास दिला, नीट जा म्हणाले, आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिले. दादा अजून गावात सांगतो, सरूनं आमचं लई केलं. ते मी ऐकून घेते.

पण हेही नाही. हे सगळं सांगून झालं तरी जे सांगायला बसले होते ते राहिलंच — ती चादर बांधलेली पाहिली ना, तेव्हा मला हायसं वाटलं होतं.