बादली काय म्हणते?

आमचे रंगनाथमामा दोर ओढताना तोंडानं "च्च् च्च्, चल राजा" म्हणायचे. कोल्हारला वीस वर्षं त्यांनी मोट हाकली. मग विहिरीवर इंजिन बसलं, बैल विकले गेले आणि मामा नगरच्या एका दवाखान्यात कामाला लागले. बैल गेले, पण च्च् च्च् राहिलं. तेही ऑपरेशनच्या खोलीत!

तिथं मामांकडं सलाइनची बाटली. डॉक्टरांनी परदेशातून गुडघ्याच्या आत बघायची पेन्सिलीएवढी दुर्बीण आणली होती. नीट दिसावं म्हणून बाटलीतलं पाणी एका नळीनं गुडघ्यात सोडायचं, ते दुसऱ्या नळीनं खाली बादलीत यायचं. बाटली टांगलेली छताच्या कप्पीला, दोर मामांच्या हातात. बाटली वर गेली की पाण्याला जोर, खाली आली की कमी.

एकाहत्तर साली पाथर्डीकडची, ऊसतोडीच्या टोळीतली छबूबाई आली. उसाची मोळी डोक्यावर असली की गुडघा मध्येच अडकायचा. कंबरेत सुई दिलेली, त्यामुळं पाय बधिर. तोंड मात्र चालू.

"पाय तोडू नगा हां सायेब. टोळी पुढं गेली तर माझी पोरं काय खातील?"

"बाई, मी नुसतं बघतोय." डॉक्टर पुण्याचे, सगळं बोलणं नाकातून. "रंगनाथ, बाटली वर. रक्तानं काही दिसत नाहीये."

"च्च् च्च्."

"इथं बैल नाहीयेत!"

"व्हय सायेब."

पडद्याआडून छबूबाई, "आगं बया, मोटकरी हाय का काय तिकडं?"

"अजून वर, रंगनाथ."

मामा हललेच नाहीत. मोट हाकणाऱ्याचं अर्धं ध्यान नेहमी पाटाच्या शेवटाकडं असतं, पाणी वाफ्यात पोचलं का म्हणून. तसे ते बादलीकडं बघत होते. बाटली निम्मी रिकामी आणि बादलीत नुसतं टिप टिप.

"वर म्हणतोय मी!"

"न्हाई सायेब. पानी जातंय, पर निघंना. कुटंतरी बांध फुटलाय."

आणि मामांनी दोर सोडत बाटली पार टेबलाखाली आणली. टेबलाशी उभ्या पुष्पावती सिस्टरांना वाटलं, गेली ह्यांची नोकरी. डॉक्टरांनी दुर्बिणीवरचा डोळा काढला, कापडाखाली हात घातला. पोटरी लाकडासारखी टणक! गुडघ्यातलं पाणी फुटून पोटरीत शिरलं होतं.

"पाणी बंद. दुर्बीण बाहेर." हे मात्र नाकातून नव्हतं.

मग तासभर डॉक्टरांची बोटं छबूबाईच्या पावलावर, नाडी चुकते की काय म्हणून, आणि मामांचा तळहात पोटरीवर.

"पाय हाय ना माझा?" छबूबाईचा आवाज बारीक झाला होता.

"हाय की. जरा भिजलाय."

हळूहळू पोटरी मऊ पडत गेली. गुडघा अडकवणारा आतला तुटका तुकडा पुढच्या महिन्यात निघाला. त्यानंतर डॉक्टर दर वेळी बाटली वर घ्यायच्या आधी पोटरी चाचपायचे आणि विचारायचे, "रंगनाथ, बादली काय म्हणते?"

मामा गेल्या साली कोल्हारला परत आले. मी डॉक्टरांचा नाकातला आवाज काढला की डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसतात. च्च् च्च् केलं की मात्र विहिरीवरच्या इंजिनाची फटफट ऐकत बसतात.

यंदाही टोळी आली तशी छबूबाई मामांच्या ओट्याशी उभी राहिली. तीन मैल चालत आलेली. लुगडं जरा वर धरून पाय पुढं केला.

"बगा मोटकरी, वाळला का न्हाई?"