सहाशे लिटर

लातूर जिल्हा नवा होता, तेव्हाच्या दुष्काळात आमच्या कार्यालयात टँकरचं काम बघणारे एक कारकून होते. बोलताना ते टेबलावर बोटं आपटायचे आणि चुकीचा आकडा दिसला की त्यांचे कान लाल व्हायचे.

गावोगावच्या पाण्यात वीस टक्के कपात झाली होती. लोकांनी ओरड केल्यावर पाणी पहिल्याइतकं करण्याचा हुकूम आला. पण मूळ आकड्यांची रजिस्टरं जुन्या जिल्ह्यातच राहिलेली. साहेबांनी कॅल्क्युलेटरवर आजच्या आकड्यांत वीस टक्के मिळवले आणि यादी मला टाईप करायला दिली.

कारकुनांनी ती माझ्या हातातून ओढली.

"या गावाला आज बारा हजार लिटर जातंय. हे ऐंशी टक्के हाय. म्हणजे चार वाटे, तीन-तीन हजाराचे. कापलेला पाचवा वाटाबी तीन हजाराचाच. पंधरा हजार झाले. साहेबांचे चौदा हजार चारशेच होतात. सहाशे लिटर कुठं गेलं?"

"सहाशेनं काय होतंय?" मी म्हणालो.

"चाळीस घागरी होत्यात. तुमच्या घरच्या हायत का त्या?"

त्यांनी साऱ्या गावांचे आकडे तोंडी काढून नवी यादी हातानं लिहिली. साहेबांनी ती न वाचताच सही केली.

"झालं ना तुमच्या मनासारखं?" मी बाहेर येऊन विचारलं.

"वाचली का त्यांनी?" ते म्हणाले. "मी एखादं गावच गाळलं असतं, तरीबी सही झालीच असती."